इस्त्रीखाली गेलेल्या सह्या

आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकोणतीस वर्षे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, झाडूवाले म्हणतात, आणि वयाने दोन वर्षे मोठा असून मीही म्हणतो. मी तिथला हेडक्लार्क. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, नर्सिंगच्या मुलींचे गणवेश, सगळे माझ्या रजिस्टरातून जाते आणि मावशींच्या हाताखालून. चादरी मोठ्या रोलरमधून सपाट होऊन निघतात, पण कोट आणि गणवेश हातानेच करावे लागतात. घोंगडी अंथरलेले लांब टेबल, खाली कायम ओली फरशी, वर वाफेने पोपडे धरलेले छत. त्या टेबलापाशी मावशी आठ तास उभ्या असतात आणि मान वर न करता बोलतात.

सुरकुती त्यांना सहन होत नाही. एकदा सुपरिंटेंडंट साहेब तपासणीला आले, तर मावशींनी बोलता बोलता त्यांची मुडपलेली कॉलर ओढून सरळ केली. मावशी म्हणाल्या, "आता बघा तपासणी."

मावशींचे यजमान त्याच लाँड्रीत बॉयलरवर होते, आता निवृत्त आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावात पॅकिंगच्या कारखान्यात काम करते. तिने एका बोटीवरच्या परदेशी खलाशाशी लग्न केले होते. रीतसर केले, कागद आहे. नवरा दोन वर्षे राहिला, मग बोटीवर गेला तो गेलाच. मागे एक मुलगी राहिली. ती आजीकडे वाढली. आमच्याच हॉस्पिटलात तिचा जन्म झाला आणि मावशींनी इस्त्री केलेल्या चादरीतच तिला गुंडाळले होते.

ही नात बारावी झाली आणि तिला आमच्याच नर्सिंग स्कूलला जायचे होते. हॉस्पिटलात कुणाचाही अर्ज असला की तो माझ्याकडे येतो, कारण माझे अक्षर बरे आहे. मावशींनी फॉर्म आणला. मी सहा रकाने भरले आणि सातव्यापाशी थांबलो. सातवा होता वडिलांचा नागरिक क्रमांक.

"आईचा चालेल का?" मावशींनी विचारले.

मी सूचना तीनदा वाचल्या. चालत नव्हता. मूल बापाच्या देशाचे, असा आमच्या छोट्या देशाचा कायदा. बाप परदेशी, म्हणजे मुलगीही परदेशी. बापाच्या देशाला तर ती जन्मल्याची खबरही नव्हती.

"भाऊसाहेब," मावशी म्हणाल्या, "नऊ महिने माझ्या लेकीनं वाहिलं, अठरा वर्षं मी सांभाळलं. आणि नंबर त्या बोटीवाल्याचा?"

मी रकाना रिकामा ठेवून फॉर्म पुढे पाठवला. मार्क चांगले होते म्हणून नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या बाईंनी मुलीला अटीवर प्रवेश दिला. वर्षाच्या आत नागरिक क्रमांक आणायचा, नाहीतर नाव कमी होईल. तिचे दोन गणवेश माझ्या रजिस्टरातून गेले. मावशींनी ते स्वतः इस्त्री केले आणि त्या दिवशी टेबलापाशी कुणाशी बोलल्या नाहीत.

पुढे सहा-सात महिन्यांनी एक वकीलबाई जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत आल्या. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका समितीच्या त्या सचिव होत्या. त्यांनी चादरींच्या गाठोड्यावर बसून समजावून सांगितले. संविधानाच्या सुरुवातीच्या कलमात लिहिले आहे की स्त्री आणि पुरुष समान. पुढे नागरिकत्वाच्या कलमात मात्र लिहिले आहे की मुलाला नागरिकत्व बापाकडून मिळेल. तिथे 'बाप किंवा आई' असे घालून घ्यायचे आहे. नव्वद दिवसांत पंधरा हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली, तर विधिमंडळाला तो विषय घ्यावाच लागतो.

मावशींचा डबा तसाच राहिला. "म्हणजे पहिल्या पानावर दिलं आणि आतल्या पानावर काढून घेतलं?"

वकीलबाई हसल्या. "मी अर्धा तास बोलले, मावशी. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

"कागद किती आणलेत?"

मावशींनी तिथल्या तिथे दहा तक्ते मागून घेतले. एका तक्त्यावर वीस ओळी. नाव, नागरिक क्रमांक, पत्ता, सही. दुसऱ्या दिवशी मावशी प्राचार्या बाईंना भेटून आल्या. मागणी विधिमंडळाने दाखल करून घेतली, तर 'विषय विचाराधीन' असा शेरा मारून नातीची मुदत वाढवता येईल, असे प्राचार्या बाई म्हणाल्या. म्हणजे नातीची जागा त्या पंधरा हजार सह्यांवर येऊन ठेपली.

मावशी शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या. सभेत बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पण कामगार वसाहतीतले असे एकही दार नव्हते जिथे त्यांना आत या म्हटले नसते. कामावरून सुटल्यावर कापडी पिशवी घेऊन त्या निघायच्या. लोक काय काय म्हणायचे ते दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता सांगायच्या.

"एक जण म्हणतो, मावशी, आता म्हातारपणी पुढारी झालात. म्हटलं, झाले. तुझ्या शर्टाचं बटण लाव आधी, मग बोल पुढाऱ्याशी."

बायका सही करायच्या, पण इकडेतिकडे पाहून. "यांना सांगू नका हं," असे बऱ्याच जणी म्हणायच्या. पुरुष करायचे तेव्हा उपकार केल्यासारखे करायचे. बॉयलरवाल्या काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, पहिल्या तक्त्यावर पहिली सही केली आणि सगळ्यांना सांगत सुटले की चळवळ त्यांनीच सुरू केली.

मला मावशींनी एकदाच विचारले. मी म्हणालो, आम्हाला सेवानियम आहेत. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

समितीने दिलेली बॉलपेने पंधरा दिवसांत संपली. मावशी बायकांच्या वॉर्डात कोट द्यायला गेल्या असताना त्यांनी तिथल्या इन्चार्ज सिस्टरकडे पेन मागितले. सिस्टरने ड्रॉवर उघडून मूठभर पेने दिली. चांगली निळी, सरसर चालणारी. वॉर्डात ड्युटीचा तक्ता रोज बदलतो. कुणी रजा टाकते, कुणी पाळी बदलून घेते. म्हणून तो तक्ता खोडता येणाऱ्या पेनांनी लिहितात. पेनाच्या मागच्या टोकाने घासले की शाई जाते. घासून काही ती निघत नाही, घासल्याने जी ऊब येते तिने जाते. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. सिस्टरलाही नाही. तिला एवढेच माहीत की खोडले जाते.

मुदत संपायला सहा दिवस होते. मावशींचे एकतीस तक्ते भरले होते, म्हणजे सहाशे वीस सह्या. वकीलबाई दुपारी ते न्यायला येणार होत्या. तक्ते घरोघर फिरून चुरगळले होते, कोपरे दुमडले होते, एकदोनांवर चहाचे थेंब. आता इथे माझा संबंध येतो. आदल्या वर्षी मावशींचा रजेचा अर्ज मी चुरगळलेला म्हणून परत केला होता. सरकारी कागद आहे, नीट आणा, असे म्हणालो होतो. त्या दिवशी मावशी तासभर लवकर आल्या, इस्त्री तापवली, पाच-पाच तक्ते एकावर एक ठेवले, वर सुती फडके घातले आणि सगळे तक्ते इस्त्री केले. फडक्याखाली काय होते आहे ते दिसायचा संभव नव्हता. भोंगा झाला तसे त्यांनी ते न पाहता पिशवीत घातले.

दुपारी माझ्याच टेबलावर वकीलबाईंनी गठ्ठा उघडला. तक्ते असे कोरे करकरीत की हात फिरवावासा वाटावा. पहिले काही ठीक होते. सातवा अर्धा कोरा. आठवा पूर्ण कोरा. नववा कोरा.

"मावशी, हे रिकामे तक्ते कशाला?"

"रिकामे? भरलेत सगळे."

वकीलबाईंनी तक्ता खिडकीपाशी तिरपा धरला. पेनाच्या टोकाचे वळ कागदावर दिसत होते. नाव होते, क्रमांक होता, सही होती. फक्त शाई नव्हती.

मावशींनी तक्ता हातात घेतला, बोटाने चाचपला. मग विचारले, "कागद गरम केला तर असं होतं?"

मी मोजले. तीनशे ऐंशी ओळी गेल्या होत्या. समितीच्या सगळ्या मिळून पंधरा हजार दोनशे बारा सह्या होत्या. त्यातून तीनशे ऐंशी वजा.

औषधांच्या स्टोअरमधल्या फार्मासिस्टने सांगितले की ही शाई खूप थंडीत परत येते. एक तक्ता त्याने लसींच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी सह्या परत आल्या होत्या, पण फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारख्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. वकीलबाईंनी मात्र मान हलवली.

"नाही चालणार. तिकडे गठ्ठा उन्हात पडला की पुन्हा जातील. आणि एकदा का बनावट म्हणाले, तर बाकीच्या चौदा हजारांवरही बोट ठेवतील."

"मग पुन्हा जाते," मावशी म्हणाल्या.

"फॉर्म बदलला असं सांगा लोकांना. सोपं पडेल."

"खोटं कशाला? मी जाळल्यात, मी सांगेन."

मावशींनी पाच दिवसांची रजा मागितली. अर्ज चुरगळलेला होता. मी तो मंजूर केला.

कोणत्या तीनशे ऐंशी, याची यादी अर्थातच नव्हती. ती त्या तक्त्यांवरच होती, पण वळांवरून नावे धड लागत नव्हती आणि लसींच्या फ्रीजरमध्ये आणखी कागद ठेवू देत नव्हते. मावशींनी डोळे मिटून वसाहत आठवली. त्यांना घरे नंबरांनी आठवत नाहीत, दोरीवरच्या कपड्यांनी आठवतात. निळ्या बिनबाह्यांच्या झग्यांचे घर, तिघा भावांच्या एकसारख्या पायजम्यांचे घर, जिथे पडदे वर्षात एकदाच धुतात ते घर. नात शेजारी बसून लिहून घेत होती. या वेळी प्रत्येक पेनाने मावशींनी आधी चिंधीवर आणि कागदावर रेघ ओढली, तिच्यावर इस्त्री फिरवली, आणि मगच ते पिशवीत टाकले. सिस्टरने आणखी पेने देऊ केली तर तिला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या क्वार्टरची बेल वाजली. दारात मावशी. मला वाटले, रजेचे काही असेल.

"बाईसाहेब आहेत का?"

माझी बायको आतून हात पुसत आली. मावशी तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "माफ करा हं. तुमची सही उडाली. माझ्याच हातून उडाली. पुन्हा करावी लागेल." आणि मग त्यांना मी तिथे उभा असल्याचे ध्यानात आले.

मी बायकोकडे पाहिले. "तू सही केली होतीस?"

"केली होती."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत." तिने मावशींच्या हातातून पेन घेतले. "सेवानियम तुम्हाला आहेत. मला कुठली सेवा आहे? असेल तर पेन्शन तरी द्या."

मावशी हसल्या नाहीत. त्या दिवसांत त्या हसतच नव्हत्या. बायकोने दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली आणि पेन माझ्यापुढे धरले. मी म्हणालो, उद्या परिपत्रक बघतो. मावशी म्हणाल्या, "बघा, भाऊसाहेब," आणि जिना उतरून गेल्या. परिपत्रक मी दुसऱ्या दिवशी पाहिले नाही. कामे होती.

दारोदार काय झाले ते मला नंतर नातीकडून कळले. काही जणींनी हसून सही दिली. "मावशी, सही उडाली म्हणजे मीही उडाले की काय?" एक पुरुष म्हणाला, "कागदालाच पटलं नसेल तुमचं." एकाला वाटले, एकाच माणसाची दोनदा सही घेऊन आकडा फुगवतात, आणि त्याने चाळीभर तसे सांगितले. त्या चाळीतली अकरा दारे त्या दिवशी बंद झाली. कंपाउंडरच्या बायकोने पहिल्यांदा, नवरा कामावर असताना, सही केली होती. आता तो पाय मोडून घरात होता. तिने दार बोटभर उघडले.

"आता नको, मावशी. घरी आहेत."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"कुणी नाही. चुकून आल्यात."

मावशी जिन्यावर बसल्या. नात म्हणाली, "आजी, राहू दे ना. मी दुसरं काहीतरी शिकेन."

"काय शिकशील? सगळीकडे तो सातवा रकाना आहे." मावशी उठल्या. "चल, पायजम्यांचं घर राहिलंय."

पाच दिवसांत तीनशे एक सह्या परत मिळाल्या. एकोणऐंशी मिळाल्या नाहीत. तरी एकूण आकडा पंधरा हजार एकशे तेहतीस झाला. वकीलबाई खूश होत्या. गठ्ठा वेळेत गेला. मावशी कामावर परत आल्या आणि पहिल्याच दिवशी एका डॉक्टरच्या कोटाची बाही त्यांच्या हातून करपली. एकोणतीस वर्षांत प्रथम. त्या कोटाचे काय करायचे ते मी कुणाला न विचारता ठरवले.

तपासणीला तीन आठवडे लागले. विधिमंडळाच्या कार्यालयाने एकशे छप्पन्न सह्या बाद केल्या. कुणाचा क्रमांक चुकला होता, कुणी दोन ठिकाणी केली होती. मावशींच्या तक्त्यांतल्या फक्त दोन बाद झाल्या. तेवीस कमी पडल्या. मागणी दाखल झाली नाही.

त्या दिवशी मी परिपत्रक काढून वाचले. त्यात राजकीय पक्षाचे सभासद होऊ नये, एवढेच होते. मागणीपत्रावर सही करण्याबद्दल एक अक्षर नव्हते. आमच्या ऑफिसात त्याच नियमाचे नाव सांगून सही न केलेले सव्वीस जण होते. नियम असा आहे, हे बाकीच्या पंचवीस जणांना मीच सांगितले होते.

हे मी मावशींना सांगितले. लपवून ठेवणे जमले नाही. त्या कॉलर दाबत होत्या. म्हणाल्या, "मी तीनशे ऐंशी घालवल्या. तुम्हाला मी काय बोलू?"

बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

वर्ष भरले तसे नातीचे नाव कमी झाले. ती गणवेश जमा करायला माझ्याकडे आली. मावशी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही गणवेश धुतलेले, इस्त्री केलेले, घडी अशी की उलगडू नये. जमा रजिस्टरात शेवटचा रकाना कारणाचा असतो. अभ्यासक्रम पूर्ण, आजारपण, स्वेच्छेने सोडले, असे काहीबाही लिहितात. माझे पेन तिथे थांबले.

"लिहा ना, काका," मुलगी म्हणाली. "नागरिक नाही, असं लिहा."

मी लिहिले, 'संस्थेच्या निर्णयानुसार परत.' तिने ते उलट बाजूने वाचले.

"संस्था म्हणजे कोण?"

"संस्था म्हणजे..." मी म्हणालो आणि गणवेश मोजायला घेतले.

"हे गणवेश कुणाला द्याल?" मावशींनी विचारले.

"ज्या मुलीला बसतील तिला."

"थोडे दिवस मागे ठेवता येतील?"

नव्या तुकडीला गणवेश कमी पडत होते. हो म्हणणे माझ्या हातात नव्हते, आणि खोटे हो म्हणणे त्यांना आवडले नसते. मी नाही म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पिशवीतून एक कोरा तक्ता काढून रजिस्टरावर ठेवला. वकीलबाईंनी नवी मागणी सुरू केली होती. नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्या ओळीत नाव, क्रमांक, पत्ता लिहिला आणि सही केली. दुपारपर्यंत पंचवीसही टेबलांवर जाऊन आलो. एकोणीस जणांनी केली.

पण या वेळची मागणी दाखल झाली तरी नातीचे ते वर्ष गेले ते गेलेच. पुढच्या तुकडीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा सातवा रकाना. सध्या ती एका कापडाच्या दुकानात ठाण घडी करायला जाते. तिथे कागद विचारत नाहीत, म्हणून सुट्टीही देत नाहीत. आठवड्यातली एक संध्याकाळ मिळते, त्या संध्याकाळी ती आजीबरोबर दारोदार फिरते. परवा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एका घरात तरुण नवराबायको होते. दोघांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग नवरा नातीला म्हणाला, "ठीक आहे. आधी तू कर बघू, मग आम्ही करतो."

मुलीने तक्ता दोन्ही हातांनी धरला होता.

"माझी चालत नाही," ती म्हणाली.

त्याला समजले नाही. त्याने बायकोकडे पाहिले. मावशी काही बोलणार होत्या, पण मुलीने त्यांना थांबवले आणि आपण कोण, आपली आई कोण, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.